अकोल्याचा वाळा

नितेश गावंडेने ताटातला ठेचा बाजूला सारला, तेव्हाच घरात काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांच्या लक्षात आलं. अमरावतीत मे महिन्यात माणूस जेवला नाही, बोलला नाही, दिवसभर ओल्या फरशीवर पालथा पडून राहिला, तरी त्याला कोणी काही विचारत नाही. ऊनच तसं असतं. पण धडधाकट पोरगा भाकरीवर ठेचा नको म्हणतो, रस्सा नको म्हणतो आणि वर "आई, वरणाला लसणाची फोडणीसुद्धा नको" असं बजावतो, म्हणजे प्रकरण साधं नव्हे. शकुनबाईंनी पोराची खालची पापणी ओढून पाहिली.

"अवो, याचे डोये पिवळे दिसून राहिले काय?"

"उजेडात पाय," पंजाबराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

उजेडात पाहिलं. मेच्या उजेडात भिंतीही पिवळ्या दिसत होत्या.

खरं कारण सांगून टाकणं सोपं होतं आणि अशक्यही. नितेश सूक्ष्मजीवशास्त्राचा एम.एस्सी. शिक्षण संपल्यापासून तो एका पॅथॉलॉजीत लोकांच्या लघवीचे नमुने तपासत होता. काम वाईट नव्हतं, पण लग्नकार्यात कोणी "काय करतोस?" विचारलं की तो समोरच्याच्या हातातल्या मठ्ठ्याच्या ग्लासाकडे पाहून उत्तर द्यायचं टाळत असे. अशात नाशिककडच्या एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत जागा निघाली. लेखी परीक्षा झाली, फोनवरची मुलाखत झाली, दोन्हींत तो पास झाला. शेवटची फेरी रविवारी सकाळी कॅमेऱ्यासमोर होती. कंपनीने सगळ्या उमेदवारांना एकच बाटली विकत घ्यायला सांगितली होती: बाजारात धडाक्याने खपणारी, एका बऱ्यापैकी चपलेच्या किमतीत मिळणारी शार्डोने. पांढरी वाइन. ती चाखायची, पारखायची आणि परवडणारी असली तरी चांगली आहे की नाही, याचा निकाल द्यायचा.

सोबत सूचना होत्या. आठवडाभर तिखट आणि लसूण बंद. अत्तर, पावडर बंद. रोज फळं, फुलं, लाकूड यांचे वास घेऊन नाकाला सराव द्यावा. नमुना थंड असावा, दहा ते बारा अंश. घोट गिळू नये, थुंकावा.

सूचना दिसली की नितेश ती पाळायचा. शाळेत "काळ्या शाईने लिहा" म्हटलं असताना निळ्या पेनाने लिहिणाऱ्यांकडे तो गुन्हेगारासारखं बघत असे.

अडचण वडिलांची होती. पंजाबराव गावंडे कृषी खात्यातून निवृत्त झालेले आणि कॉलनीच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना चुकवायची नाही, महिन्यातून एकदा गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जाऊन यायचं, आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खिशातल्या खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पुड्या काढून घ्यायच्या, असा त्यांचा कार्यक्रम. शहरातल्या कितीतरी दारूच्या दुकानांपुढे त्यांनी धरणं धरलं होतं. एका धरण्याचा फोटो पेपरात आला, त्यात बॅनरचं डावं टोक नितेशने धरलेलं स्पष्ट दिसत होतं. शेजारच्या गोदाकाकूंनी तो फोटो कापून देवघराशेजारी चिकटवला होता.

अशा घरात नितेशने नोकरीबद्दल इतकंच सांगितलं होतं, की द्राक्षांवर प्रक्रिया करणारी कंपनी आहे. हे खोटं नव्हतं. नितेश खोटं बोलत नसे. तो फक्त विधान योग्य ठिकाणी थांबवत असे. पुढचं काम पंजाबरावांनी केलं. "पोट्टा द्राक्षाच्या कंपनीत लागून राहिला," हे त्यांनी कॉलनीभर सांगितलं. कॉलनीने मनातल्या मनात बेदाणे धरले, आणि गोदाकाकूंनी दिवाळीसाठी बेदाण्यांची ऑर्डरही देऊन ठेवली.

तर आता बाटली सापडली असती, तर वडिलांना कॉलनीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि बाटली चाखता आली नाही, तर नितेशला पुढची तीस वर्षं मठ्ठ्याच्या ग्लासांकडे बघत काढायची होती.

सूचनेबरहुकूम सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी तो इतवारा बाजारात केशरबाईच्या फळांच्या हातगाडीवर गेला आणि एकेक फळ नाकाशी धरून डोळे मिटू लागला. केशरबाईने पपई सहन केली, डाळिंब सहन केलं. आंब्याशी तिचा धीर सुटला.

"अरे बाप्पा, आंबा हाय तो! बायको असल्यासारखा काय जवळ घेऊन राहिला?"

"मावशी, वास घेतोय."

"वास घेतोय म्हणे. माह्याच आंब्याले वास नाई काय? चाल, घेतो तं घे, नाई तं पुढं हो. गिऱ्हाईक पाहून राहिले."

गिऱ्हाइकांत गोदाकाकू होत्या. हा मुलगा रस्त्यात फळं हुंगतो, ही बातमी पिशवीतल्या मेथीच्या आधी घरी पोचली.

लाकडाच्या वासासाठी तो परतवाडा रोडवरच्या एका आरामशीनवर गेला. तिथल्या माणसाने सागाच्या फळीला नाक लावलेला तरुण पाहिला आणि हा वनखात्याचा नवा साहेब समजून चहा मागवला. चहात आलं होतं. आलं चालतं की नाही, हे सूचनेत नव्हतं. नितेशने चहा सोडला आणि मालक अधिकच घाबरला.

पण खरं नुकसान थुंकण्याच्या सरावाने केलं. पातळ, सरळ धार नेमकी भांड्यात पडली पाहिजे, कॅमेऱ्यापुढे हनुवटीवरून ओघळून चालणार नाही, म्हणून तो मागच्या अंगणात लिंबूपाणी तोंडात घोळवून मोरीत पिचकाऱ्या मारत होता. गोदाकाकू गच्चीवर पापड उलटत होत्या. त्यांनी एक पिचकारी पाहिली, दुसरी पाहिली, आणि तिसरीला त्या जिना उतरल्यासुद्धा.

"शकुन, वाईट वाटून घेऊ नको. पण खर्रा खाऊन राहिला तुहा पोट्टा."

"काई तरीच काय वो काकू! त्याले कावीळ हाय."

"कावीळवाला अशी पिचकारी मारते काय? अशी धार माह्या देवानंदची यायची. वीस वर्षांचा सराव होता त्याचा."

देवानंदभाऊ हे काकूंचे धाकटे दीर, एसटीतून निवृत्त झालेले, पंजाबरावांनी खर्ऱ्यातून सोडवलेलं पहिलं गिऱ्हाईक आणि म्हणून मंडळाचे उपाध्यक्ष. त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावण्यात आलं. नितेशला अंगणात खुर्चीवर बसवून पंजाबराव आणि देवानंदभाऊंनी बॅटरी लावून त्याचे दात तपासले. एम.एस्सी. झालेल्या माणसाला बैलबाजारातल्या जनावरासारखं जबडा वासून बसावं लागलं, आणि "आ" केल्यामुळे निषेधही नोंदवता आला नाही.

"दात तं साफ हाय," देवानंदभाऊंनी निकाल दिला. "खर्रा नोय."

"मग कावीळच," शकुनबाई जिंकल्या.

देवानंदभाऊ दुसऱ्या दिवशी दर्यापूरच्या गाडीत बसले आणि तिथल्या कोण्या नामी माणसाकडून काविळीचा हिरवा रस घेऊन आले. तो अनशापोटी प्यायचा होता. नितेशने रक्ताची तपासणी करून बिलिरुबिनचा आकडाच आईपुढे ठेवतो म्हटलं.

"तुह्याच लॅबचा आकडा काय, तू पाहिजे तसा टाकशीन," आई म्हणाली आणि नाक दाबून रस ओतला.

तो इतका कडू होता की पुढे दोन दिवस नितेशला साखरसुद्धा कडू लागली. जिभेचं रक्षण करण्यासाठी सोडलेला ठेचा त्या रसापुढे मोरावळा होता.

अशा जिभेने तो शुक्रवारी अकोल्याला निघाला. अमरावतीत बाटली घेणं शक्य नव्हतं. इथला प्रत्येक दुकानदार त्याला बॅनरच्या डाव्या टोकावरून ओळखत होता. अकोल्यात त्याचा कॉलेजचा मित्र जीवन राहत असे. पण अकोल्याला कशाला, हे घरी सांगायला हवं होतं.

"कूलरला वाळ्याच्या ताट्या आणतो," नितेश म्हणाला. "आपल्या सडल्यात."

"वाळा इथं नाई भेटत?" पंजाबरावांनी विचारलं.

"अकोल्याचा चांगला असतो."

अकोल्यातलं ऊन वाळ्याला मानवतं, असा काहीसा शास्त्रीय भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. पंजाबरावांना पटलं. कृषी खात्यात त्यांनी याहून कच्ची कारणं मंजूर केली होती.

अकोल्यात जीवन त्याला एका दुकानात घेऊन गेला. काम दोन मिनिटांचं होतं. पण काउंटरवर पोचल्यावर नितेशने विचारलं, "परवाना इथेच मिळेल का?"

"कायचा परवाना?"

"पिण्याचा. नियमात आहे असं मी वाचलंय."

मालकाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्याने काउंटरची फळी उचलली, नितेशला आत घेतलं, पंख्याखाली खुर्ची दिली. "साहेब, कोन्या खात्यातून आले? आधी फोन करायचा ना."

"मी गिऱ्हाईक आहे."

"हो, हो. गिऱ्हाईकच." मालकाने डोळा मारला आणि नोकराला थंड पाणी आणायला पिटाळलं. त्याने शार्डोनेची बाटली आणून पुढे ठेवली. नितेशने ती उजेडात धरली आणि म्हणाला, "ही काचेच्या कपाटात उन्हात ठेवली होती तुम्ही. उन्हाने वास बिघडतो. आतली दाखवा."

मालकाच्या कपाळावर घाम आला. आतली आली. तिच्यावरची तारीख पाहिली गेली, झाकणाचं सील पाहिलं गेलं. पक्कं बिल फाटलं, परवाना आला, त्यावर सही झाली, आणि मालकाने हात जोडून विचारलं, "बाकी सगळं ठीक ना साहेब? रिपोर्ट कसा जाईन?"

"रविवारी कळेल," नितेश खरं तेच बोलला.

बाहेर आल्यावर जीवन त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "भाऊ, पुढच्या टायमाले एकटा येजो. मले याच गावात राहायचं हाय."

मग ताट्या घेतल्या. कुठल्याशा वळणावर, कुठल्याशा दुकानातून, दिसल्या त्या. वाळ्यात बाटली गुंडाळून तो एसटीत बसला. बसमध्ये पंचेचाळीस अंश. बाटलीला ऊन लागू नये म्हणून त्याने स्वतःचा रुमाल भिजवून तिच्यावर घातला आणि स्वतः मूर्तिजापूरपर्यंत उघड्या डोक्याने आला. शेजारच्या बाईने विचारलं, "लेकरू हाय काय आत?"

आता बाटली ठेवायची कुठे? फ्रिज म्हणजे शकुनबाईंचं राज्य. तिथे लिंबाची एक फोड जागेवरून हलली तरी चौकशी होते. कपाटात ठेवली तर उकळेल. नितेशने कूलरकडे पाहिलं. लोखंडी, कमरेइतका उंच, खिडकीत बसवलेला. हवा इतकी कोरडी की बाहेर आग असली तरी टाकीतलं पाणी वाफ होत होत वीस-बावीस अंशांपर्यंत उतरतं. टाकीच्या आत अंधार. नव्या ताट्या बसवण्याचं काम त्याच्याकडेच. दोन दिवस इथे, आणि रविवारी सकाळी बादलीभर बर्फात. हा विचार सुचल्यावर त्याला स्वतःचा अभिमान वाटला, आणि एवढी साधी युक्ती जगाला आजवर कशी सुचली नाही याचं आश्चर्यही.

त्याने एकच चूक केली. दुपारी सगळे आडवे झाल्यावर त्याने झाकण फिरवून एक वास घेतला. तपासणीआधी कोरा नमुना पाहावा, ही सवय. वास काहीच आला नाही. नाकातोंडात सगळीकडे दर्यापूरचा रस होता. तेवढ्यात आतून आई खोकली. त्याने घाईत झाकण बसवलं. पत्र्याचं ते झाकण आटे चुकून तिरपं बसलं, हे त्याला घाईत दिसलं नाही. बाटली आडवी करून त्याने टाकीच्या तळाशी सारली आणि पंपाच्या बुडाला नाड्याने बांधली.

शनिवारी संध्याकाळी तो लॅबमधून घरी आला तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत अख्खं व्यसनमुक्ती मंडळ.

खरं तर मंडळाची बैठक ओमप्रकाशजींकडे होती. ओमप्रकाशजींचं कापडाचं दुकान, घराणं कधीकाळी राजस्थानातून आलेलं, बोलणं अर्धं हिंदी आणि अर्धं वऱ्हाडी. त्यांच्या कूलरचा पंप दुपारी जळाला. तेव्हा पंजाबराव उदारपणे म्हणाले, "माह्याकडे या. पोट्ट्यानं अकोल्याहून वाळा आणला." प्रार्थना आटोपली होती. आता कॉलनीच्या कोपऱ्यावर येऊ घातलेल्या बारविरुद्ध निवेदन लिहायचं होतं. पाच-सात माणसं कूलरसमोर अर्धगोल करून बसली होती. नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून शकुनबाईंनी टाकीत जेमतेम बादलीभर ओतलं होतं. कूलर मात्र पुऱ्या जोरात होता.

"मा. जिल्हाधिकारी साहेब," पंजाबराव सांगत होते आणि देवानंदभाऊ लिहीत होते, "आमच्या शांत वस्तीत..."

"एक मिनिट," गोदाकाकू म्हणाल्या. "कोणी कैरी चिरून राहिलं काय?"

"नाई वो," शकुनबाई म्हणाल्या.

"मग वास कायचा? कच्ची कैरी, आत्ता विळीवर धरलेली. पाय ना, तोंडाले पाणी सुटलं माह्या."

ओमप्रकाशजींनी मान मागे टाकून श्वास ओढला. "कैरी नहीं काकू. अननस है. लगन में वो शिरा नहीं बनता, अननसवाला? वोच."

"अननस कायले येते इथं?" देवानंदभाऊंनी लेखणी खाली ठेवली. "लिंबाचं फूल होय हे. आमच्या वावरात बांधाले लिंब होते. पहाटे असाच वास ये."

"मले तं तूप कढवल्यासारखं वाटून राहिलं," असं म्हणत शकुनबाई गॅस बंद आहे का ते बघायला गेल्या. परत येऊन बसल्या. पुन्हा गेल्या.

नितेश दारातच थिजला होता. दर्यापूरच्या रसाचा कडूपणा त्या दिवशी दुपारीच उतरला होता, आणि आता त्यालाही येत होता: कैरी, मागून अननस, आणि सगळ्यांत शेवटी रवा तुपात भाजावा तसा खरपूस गोड वास. आठवडाभर हातगाड्या आणि आरामशीनी हुंगून जे सापडलं नव्हतं, ते बैठकीच्या खोलीत पंख्याच्या पात्यांवरून फरफर येत होतं. त्याच्या नोकरीची वाफ होऊन ती व्यसनमुक्ती मंडळाच्या छातीत जात होती.

"बाबा, कूलर बंद करतो. पंपाचा आवाज येतोय."

"हात लावू नको!" चार जण एकदम ओरडले.

"अहो पण शॉक वगैरे..."

"बस खाली," पंजाबराव म्हणाले. त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका फुलला होता. "हे पाहा मंडळी. अस्सल वाळा कसा असते ते. इथं दुकानात भेटते ते गवत. माह्या पोट्ट्यानं पारख केली म्हून आणला. मन कसं प्रसन्न झालं की नाई?"

मन प्रसन्न झालं यावर ठराव न मांडताच एकमत झालं. कैरी की अननस यावर मात्र झालं नाही. गोदाकाकू खुर्ची ओढत ओढत पार कूलरच्या तोंडाशी गेल्या. देवानंदभाऊंना तुपाच्या वासाने भूक लागली. निवेदन "आमच्या शांत वस्तीत" इथेच थांबलं ते थांबलंच. कोणी उठायला तयार नव्हतं. शेवटी चहा आला, तोवर वास विरून गेला होता, आणि मंडळी हळहळत चपला शोधू लागली.

"असाच वाळा आमालेबी पाहिजे," जाताना ओमप्रकाशजी म्हणाले. "पूरे मंडल के लिए."

सगळे गेल्यावर नितेशने टाकीत हात घातला. बाटली भरलेली होती, पण तिच्यात आता काय होतं हे सांगणं अवघड होतं. वाइन पाण्याहून किंचित हलकी. कूलर पुऱ्या जोरात सुरू झाल्यावर पंपाच्या हादऱ्यांनी तिरपं झाकण ढिलं झालं, त्यातून ती वर सटकली आणि तिच्या जागी कूलरचं पाणी येऊन बसलं. आत वाळ्याची एक काडी तरंगत होती. अकोल्याला परत जायला वेळ नव्हता आणि सकाळी मुलाखतीआधी कुठलंही दुकान उघडणार नव्हतं. नितेशने ती काडी काढून टाकली. एवढंच त्याच्या हातात होतं.

रविवारी पंजाबराव मोझरीच्या गाडीसाठी निघाले. शकुनबाई गोदाकाकूंच्या गच्चीवर कुरडया घालायला गेल्या. नितेशने बैठकीत लॅपटॉप लावला, थुंकायला स्टीलचा गडू घेतला आणि पेल्यात ते पाणी ओतलं.

पडद्यावर गीतांजली मॅडम आल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख, केस घट्ट बांधलेले, चेहरा त्याहून घट्ट.

"बोला गावंडे. आधी वास."

नितेशने पेला फिरवला. गंज. शेवाळ. ओलं गवत. हिरवं सफरचंद आणि व्हॅनिला म्हणून मोकळं होता आलं असतं. बाटलीच्या लेबलावर तसं छापलेलंच होतं. त्याने पेला खाली ठेवला.

"मॅडम, हा नमुना बाद आहे. साठवताना यात पाणी शिरलं."

"कुठे साठवला होता?"

"कूलरमध्ये."

"घरी वाइन ठेवायचा कूलर आहे तुमच्या?"

"नाही मॅडम. वारा घ्यायचा. वाळ्याच्या ताट्यांचा."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मग मुलाखत इथेच संपवायची का?"

"चवीबद्दल मी काही सांगू शकत नाही," नितेश म्हणाला. "पण वासाची चाचणी काल झाली. बाटली टाकीत सांडली आणि अख्ख्या खोलीत पसरली. समोर बसलेल्या कोणालाही आपण काय हुंगतोय हे माहीत नव्हतं. कोणी लेबल वाचलं नव्हतं, कोणाला नोकरी नको होती. त्यामुळे त्यांचं म्हणणं मी पुरावा म्हणून धरतो, आणि मी स्वतः ते तिथे ताडून पाहिलं. सुरुवातीला नुकती चिरलेली कच्ची कैरी. तिच्या मागून अननस, ताजा नव्हे, लग्नातल्या शिऱ्यात शिजलेला. एकाला लिंबाचं फूल आलं; मला आलं नाही, पण मी नाकारत नाही. शेवटी तुपात भाजलेला रवा. तो जरा जास्तच आहे. एक गृहिणी दोनदा गॅस बंद आहे का बघायला उठली."

"आणि एकूण मत?"

"चपलेच्या किमतीत चांगली आहे, मॅडम. खोल नाही. लगेच ओळख देते आणि चहा येईपर्यंत निघून जाते. पण होती तोवर एकही माणूस घरी जायला उठला नाही."

मॅडमनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. "आजच्या सगळ्यांनी मला लेबल वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. "साठवणुकीला तुम्हाला शून्य. निवेदनाला पूर्ण. पुढच्या महिन्यात रुजू व्हाल?"

"हो!"

"आणि येताना तो कूलर आणू नका."

पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात नितेशला आपल्या मागे उभं असलेलं कोणीतरी दिसलं. पांढरी टोपी, खांद्याला झोळी.

पंजाबराव दुकानाचं नाव विचारायला परत आले होते. बसथांब्यावर त्यांना देवानंदभाऊ आणि ओमप्रकाशजी भेटले. मोझरीऐवजी सरळ अकोल्याची बस धरून सगळ्यांसाठी वाळाच घेऊन येऊ, असं ठरलं. ते दोघे फाटकाशी स्कूटर लावून थांबले होते.

पंजाबरावांनी बाटली पाहिली. पेला पाहिला. गडू पाहिला. मग कूलर पाहिला, आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"कैरी," ते म्हणाले. "अननस. तूप. हे कालचं होय?"

"हो बाबा."

"म्हंजे आमी काल सगळे..."

"हो."

"गोदाबाईसुद्धा?"

"त्या तर अगदी जवळ बसल्या होत्या."

पंजाबराव खुर्चीवर बसले. मग ती खुर्ची कूलरसमोरची आहे हे लक्षात येऊन दुसऱ्या खुर्चीवर बसले.

"द्राक्षाची कंपनी म्हंटलं होतं तुनं."

"द्राक्षांचीच आहे."

"तिथं प्यावं लागते?"

"नाही बाबा. तोंडात घ्यायची, घोळवायची आणि थुंकायची."

"म्हंजे पगार थुंकायचा भेटते?"

"हो."

पंजाबरावांनी गडू उचलून आत पाहिलं. आत काही नव्हतं. "दारू तोंडात घेऊन थुंकून द्यायची," ते स्वतःशीच म्हणाले. "इतका ताबा तं माह्या मंडळात कोणाचाच नाई."

बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. "गावंडेसाहब! दुकान का नाम पूछा क्या?"

नितेशने बाटली पाठीमागे लपवली. बाप आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता आणि वय झाल्यावर ते शिकेल अशी चिन्हं नव्हती. पंजाबराव उठले, टोपी सरळ केली, दारात जाऊन उभे राहिले.

"तो वाळा आता भेटत नाई," ते म्हणाले.

आणि विधान योग्य ठिकाणी थांबवून त्यांनी दार लावून घेतलं.

त्या दिवशी टाकी सोड्याने घासून दोनदा धुतली गेली. नितेशने नव्याने पाणी भरलं, पंप लावला. पंजाबराव येऊन कूलरसमोर बसले, डोळे मिटले, आणि खोल श्वास घेतला. थोडं थांबून आणखी एक घेतला.

"हं," ते म्हणाले. "आता नुसताच वारा."